एरहू: परभणीच्या उन्हात आठ महिने वाजवलेलं चिनी वाद्य

दुकानात कुणी आलं की आधी भिंतीकडं बघतं. खिळ्याला काळपट दांडीचं, दोन तारांचं, षटकोनी डब्याचं एक वाद्य लटकलेलं आहे. "मास्तर, हे तुणतुणं कुणाचं?" हा ठरलेला प्रश्न. चिनी आहे म्हणलं की पुढं प्रश्न नसतो, हसू असतं. पाथरीकडचे एक भजनी बुवा तर सरळच म्हणाले, "चिनी माल! चले तो चांद तक, नहीं तो शाम तक." बुवांची पेटी तेव्हा माझ्यासमोर उघडी पडली होती, रीडा, म्हणजे सूर देणाऱ्या पितळी जिभा, काढून ओळीनं मांडलेल्या. त्या रीडांचं गोत्र त्यांना सांगायचं तर दोनदा चहा मागवावा लागला असता, म्हणून गप्प बसलो. इथं सांगतो, पण तिथं पोचल्यावर. आधी माल.

मी परभणीत पेट्या दुरुस्त करतो, एकतीस वर्षं झाली. सप्ताहाच्या दिवसांत रोज दोन-तीन पेट्या येतात. कुणाचा भाता फाटला, कुणाची पट्टी बसली, कुणाच्या पेटीतलं कातडं उंदरानं खाल्लं. तारेच्या वाद्यांशी माझा संबंध तानपुऱ्याच्या घोडीपुरता, म्हणजे तारांखालच्या त्या आधारापुरता. एरहू मी एका रात्री मोबाइलवर ऐकला आणि झोप उडाली. आमची आजी जात्यावर ओवी म्हणताना शेवटचा स्वर खाली ओढत न्यायची, तशीच्या तशी ती ओढ. मुलगी पुण्यात नोकरीला आहे. दिवाळीला तिनं विचारलं, "पप्पा, तुम्हाला काय घेऊ?" मी म्हणलं, एरहू. तिला वाटलं गुडघ्याचं औषध आहे.

फाल्गुनात तिनं ऑनलाइन मागवला, चैत्रात आला. वाद्याचे ८,२०० रुपये, पाठवणावळ आणि कस्टम धरून १२,६०० ला पडला. शिकाऊ दर्जाचा माल आहे हे विकणाऱ्यानं लिहिलेलंच होतं, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही. तक्रारी दुसऱ्या आहेत.

खोका फोडला तर आत निळ्या कापडाची कडक पेटी, तिच्यात वाद्य, गज, राळेची वडी, तारांचा एक जादा जोड, दोन घोड्या आणि एक पुस्तिका. राळ म्हणजे व्हायोलिनवाले रोझिन म्हणतात ती. एप्रिलच्या उन्हात कुठल्या तरी गोदामात तापून ती वितळली होती आणि अस्तराला अशी चिकटली होती की अस्तरासकट कापून काढावी लागली. घोड्या काढून वेगळ्या गुंडाळलेल्या होत्या. ते बरोबर आहे, प्रवासात घोडी तशीच ठेवली तर कातड्यावर दाब राहून कातडं बसतं. पण दोनपैकी एक घोडी मधोमध चिरलेली होती, आणि दुसरी इतकी ओबडधोबड की तिला घोडी म्हणणं म्हणजे शिंगराचा अपमान. विकणाऱ्याला मुलीनं चार वेळा लिहिलं. दोनदा "फोटो पाठवा", एकदा "पाठवतो", आणि मग चिडीचूप. आजतागायत घोडी आलेली नाही.

मीच केली. पहिली सागवानाची केली, आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा. दुसरी बांबूची, ती कानात टोचायची. तिसरी एका मोडीत आलेल्या जुन्या पेटीच्या पट्टीतून कोरली. साठ-सत्तर वर्षं वाळलेलं हलकं लाकूड. पायाखाली मधून पोकळ ठेवली, वर तारांसाठी दोन खाचा, कानशीनं नाही तर काचेच्या तुकड्यानं घासत घासत. तिच्यावर आवाज बसला. ज्यांना हे जमत नाही त्यांनी मागवतानाच चार घोड्या जास्तीच्या मागवाव्यात, शंभर-दीडशेची वस्तू आहे.

आता वाद्य असतं कसं ते सांगतो, कारण फोटोवरून कळत नाही. दांडी साधारण ८१ सेंटीमीटर, वर दोन खुंट्या, खाली पावशेर चहापत्तीच्या डब्याएवढा लाकडी डबा, एका तोंडाला कातडं आणि दुसरं तोंड जाळीचं. तुणतुण्याचाच भाऊबंद. फरक गजात आहे. व्हायोलिनचा, सारंगीचा गज बाहेर असतो, उचलून बाजूला ठेवता येतो. एरहूच्या गजाचे घोड्याचे केस दोन तारांच्या मधून ओवलेले असतात. गज वाद्यापासून सुटतच नाही. आतली तार वाजवायची तर केस आत ओढायचे, बाहेरची वाजवायची तर बाहेर ढकलायचे. केस ताणून धरायचं काम उजव्या हाताच्या बोटांचं. माझ्या भाच्यानं पहिल्या दिवशी गज बाहेर काढायचा लै प्रयत्न केला, मी वेळेवर ओरडलो म्हणून केस वाचले.

दुसरी गंमत म्हणजे बोट ठेवायला खाली पाटीच नाही. तार हवेत असते, दांडीपासून दोन बोटं लांब. ती दांडीला टेकवायची नसते, नुसती हवेतच दाबायची. दाब जरा वाढला की सूर चढतो. पेटीवाल्याला हे म्हणजे जिन्याची सवय असलेल्या माणसाला दोरावर चालायला लावल्यासारखं. पहिले पंधरा दिवस मी दाराला कडी लावून वाजवायचो. घरातून निरोप यायचा, "गिरणी बंद झाली का?"

खुंट्यांच्या खाली, दांडी आणि तारा यांना धरून एक दोऱ्याचा फेरा बांधायचा असतो. तिथून घोडीपर्यंत तार वाजते, म्हणजे षड्ज ठरतो तो ह्या दोऱ्यानं. त्याला चिनीत छिएनजिन म्हणतात, अर्थ "हजार शेर". एवढ्याशा दोऱ्याला एवढं नाव, पण योग्य आहे, गाठ अर्धा इंच सरकली की सगळी बोटं चुकतात. ती जागा ठरवायची आपल्याच हातानं. कोपर डब्यावर टेकवायचं आणि बोटं पोचतील तिथं गाठ. माझा हात आखूड, म्हणून माझी गाठ खाली. भाचा वाजवायला बसला की गाठ वर. एका घरात दोघं शिकणार असतील तर हे भांडणाचं कारण आहे, आधीच सांगून ठेवतो.

तारा स्टीलच्या, पंचमाच्या अंतरानं. आतली पेटीच्या पांढरी दोनमध्ये, बाहेरची पांढरी सहामध्ये. पेटीवाल्यानं समजावं, सा आणि प मोकळे मिळतात, बाकी सगळं कमवायचं.

आमच्या हवेचं मात्र यातल्या कुणाच्या गावीही नव्हतं. मे महिन्यात पारा ४३ वर गेला आणि खुंट्या सुकून आकसल्या. सूर लावून हात काढला की खुंटी फिरून तार सैल. रोझिन लावून पाहिलं, करकर वाढली. शेवटी शाळेचा खडू घासला आणि खुंट्या थांबल्या. आषाढात उलटं, लाकूड फुगलं आणि खुंटी हलेना. आता उन्हाळ्यात खडू, पावसाळ्यात खडू पुसून किंचित मेण, असा माझा नेम आहे. डब्यातून एक घोगरा, लांडग्यासारखा सूर निघायचा, तो घोडीखाली फेल्टचा तुकडा सरकवल्यावर गेला. पेटीच्या पट्ट्यांखाली लावतो तेच फेल्ट.

कातड्याचं सांगायलाच पाहिजे. अस्सल एरहूला अजगराचं कातडं असतं, खवल्यांसकट. त्यामुळंच तो किंचित नाकातला, दाणेदार आवाज येतो. पण अजगराच्या कातड्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय कराराचं बंधन आहे, आणि आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं अजगराला सगळ्यात वरचं संरक्षण आहे. परवान्याशिवाय तसलं वाद्य मागवायच्या फंदात पडू नका. माझ्यावर कृत्रिम कातडं आहे, वर खवल्यांची छपाई. लांबून सापच वाटतो, शेजारची लेकरं हात लावायला भितात. हाँगकाँगच्या चिनी वाद्यवृंदानं तर स्वतःच संशोधन करून प्लास्टिकच्या पडद्याचे एरहू बनवलेत आणि मंचावर तेच वाजवतात, तेव्हा यात कमीपणा नाही. आवाज थोडा सपाट आहे खरा. पण सापाचं कातडं आमच्या दमट श्रावणात आणि भाजक्या वैशाखात टिकलं नसतं असं माझं, कातड्याचे भाते शिवणाऱ्या माणसाचं मत आहे.

पुस्तिका पूर्ण चिनीत. मी ती ठेवूनच देणार होतो, पण आतल्या पानांवर गाण्यांच्या ओळी आकड्यांत होत्या. एक ते सात. काही आकड्यांवर टिंब, काहींच्या खाली टिंब, काहींच्या खाली रेघ. दहा मिनिटं बघत बसलो आणि हसूच आलं. वर टिंब म्हणजे तार सप्तक, खाली टिंब म्हणजे मंद्र. भातखंड्यांच्या लिपीतही नेमकं असंच. एकच्या जागी सा वाचायचा, पाचच्या जागी प, आणि गाडी चालू. ही आकड्यांची पद्धत मूळची फ्रान्सची, जपानवरून चीनमध्ये गेली आणि तिथं घराघरांत रुजली. एक अक्षर न कळता त्याच रात्री मी पुस्तिकेतलं पहिलं गाणं वाजवलं. वाजवलं म्हणजे ओळखू आलं इतकंच.

तेवढ्यात ध्यानात आलं, चार आणि सात हे आकडे फारच क्वचित येतात. एक, दोन, तीन, पाच, सहा. सा रे ग प ध. भूपच की! त्यांच्याकडं ह्या पाच स्वरांना गोंग, शांग, ज्युए, झी, यू अशी जुनी नावं आहेत आणि कुठल्याही स्वराला घर मानून चाल बांधतात. आपण यालाच मूर्च्छना म्हणतो. पेटीवर करून बघा. भूपाचेच स्वर रिषभापासून सुरू केले की मेघ-मधमादची वाट सापडते, गंधारापासून मालकंस, पंचमापासून दुर्गा, धैवतापासून धानी. पाची घरं त्यांची आणि पाची राग आपले. राग म्हणजे नुसते स्वर नव्हेत, हे मला कुणी शिकवायला नको. चलन वेगळं, न्यास वेगळा, त्यांचा मालकंस ऐकून आपल्याला मालकंस आठवेलच असं नाही. पण बुवांना मी दुर्गातल्यासारखी वाटणारी एक ओळ वाजवून दाखवली तेव्हा ते मान डोलवून म्हणाले, "ही कोणाची बंदिश?" पुस्तिका पुढं केली. बुवांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

पुस्तिकेच्या शेवटी वाद्यांची चित्रं आहेत. माझ्या आठ महिन्यांच्या रात्री त्या चित्रांत गेल्या. एकेक चित्र मुलीला पाठवायचं, तिनं नाव शोधून द्यायचं, मग मी वाचत बसायचं. सगळ्यात जुनी एक बासरी, हेनान प्रांतात जियाहू नावाच्या गावी जमिनीतून निघालेली, क्रौंचाच्या पंखाच्या हाडाची, सात-नऊ हजार वर्षांपूर्वीची. तशा बऱ्याच निघाल्या. मग घंटा. हूपे प्रांतात १९७८ साली एका सरदाराची कबर उघडली, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातली, तिच्यात ६५ काशाच्या घंटा लाकडी चौकटीला टांगलेल्या. एकेक घंटा दोन सूर देते, मधोमध ठोकली तर एक, बाजूला ठोकली तर दुसरा. घंटेचा आडवा छेद गोल नसून बदामासारखा आहे म्हणून हे जमतं. एका रीडमधून एकच सूर नीट निघावा म्हणून आयुष्य घालवलेल्या माणसाला हे वाचून काय झालं असेल ते सांगता येत नाही. दुकान बंद करून घरी गेलो.

त्याच कबरीत एक दुसरंही वाद्य होतं, शंग. आता बुवांच्या पेटीकडं यायला हरकत नाही.

शंग म्हणजे तोंडानं फुंकायची पेटी. चिलमीच्या डोक्यासारखा एक वाडगा, त्याला नळी, वर बांबूच्या सतराएक नळ्या पंखासारख्या उभ्या. प्रत्येक नळीच्या बुडाशी पातळ पट्टीतच कापलेली एक जीभ, तीन बाजूंनी मोकळी आणि चौथीनं धरलेली. हवा गेली की जीभ चौकटीतून आरपार थरथरते. श्वास सोडला तरी वाजते, ओढला तरी वाजते. ह्या जातीला मोकळी रीड म्हणतात आणि आपल्या पेटीतली रीड ह्याच जातीची. अठराव्या शतकात शंग युरोपात पोचले. १७७७ साली पेकिंगमधल्या एका फ्रेंच पाद्र्यानं, आमियो त्याचं नाव, पॅरिसला पाठवले. युरोपातल्या कारागिरांनी ती जीभ बघितली आणि पुढच्या साठ-सत्तर वर्षांत माउथ ऑर्गन, ॲकॉर्डियन आणि हार्मोनियम जन्माला आले. पॅरिसच्या दबँनं १८४० च्या सुमारास हार्मोनियम पायानं चालवायचा केला, कलकत्त्याला द्वारकानाथ घोषांनी तो हातभात्याचा करून मांडीजवळ आणला. तिथून तो पाथरीच्या सप्ताहात आला. चांद तक म्हणता म्हणता दोन हजार वर्षं चाललेला माल आहे हा, बुवा.

सूर लावायची रीतसुद्धा एकच. मी रीडच्या टोकाशी घासतो तेव्हा टोक हलकं होऊन सूर चढतो, मुळाशी घासतो तेव्हा उतरतो. शंगवाले घासण्याऐवजी जिभेच्या टोकाला मेणाचा ठिपका लावतात, टोक जड होतं, सूर उतरतो. गुजरातेतल्या पालिताण्याच्या रीडा घासून घासून वाया घालवलेल्या मला ही मेणाची युक्ती आधी माहीत असती तर बरंच पितळ वाचलं असतं. तीन जुन्या रीडांवर करून बघितली. सकाळच्या गारव्यात ठीक, दुपारच्या उन्हात मेण वाहून गेलं. परभणी!

पेटीवरची जुनी तक्रार वाचकांना माहीत असेलच. सूर ठरलेले, सुरावरून सुरावर घसरत जाणारी मींड नाही, गंधार चढा. याच कारणासाठी १९४० ते १९७१ आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. पेटीत सप्तकाच्या बारा सारख्या पायऱ्या पाडायचा हा जो हिशोब आहे, त्याचं नेमकं गणित १५८४ साली मिंग घराण्यातल्या जू त्साय्यू नावाच्या राजपुत्रानं मांडलं. मण्यांच्या चौकटीवर दोनाचं बारावं मूळ काढत बसलेला राजपुत्र! गंमत अशी की त्याच्या देशातल्या वादकांनी ते उचललं नाही. युरोपनं आपल्या वाटेनं तोच हिशोब गाठला आणि पेटीत घातला, म्हणजे आता रीडही तिकडची आणि मापही आधी तिकडंच काढलेलं. एरहूवर मात्र पाटीच नसल्यामुळं ते माप लागू नाही. गंधार हवा तेवढा उतरा घेता येतो. मी पेटीवर सा धरायला भाच्याला बसवतो आणि एरहूवर गंधार शोधतो. बोट मिलिमीटरभर खाली घसरतं आणि अचानक दोन्ही वाद्यं एक होतात. एकतीस वर्षं तो गंधार माझ्या पेट्यांमध्ये नव्हता. हे मी गिऱ्हाइकांना सांगत नाही.

एरहूला चीनमध्ये मोठं घराणं नाही, हे मला सगळ्यात आवडलं. "एर" म्हणजे दोन आणि "हू" म्हणजे उत्तर-पश्चिमेकडचे परके लोक. त्यांच्याच भाषेत ह्याचं नाव परकं आहे. थांग राजवटीच्या काळात शी नावाच्या टोळीकडून एक दोनतारी वाद्य आलं, ते आधी बांबूच्या चिपेनं घासून वाजवायचे. सोंग काळात, अकराव्या शतकापर्यंत, घोड्याच्या शेपटीच्या केसांचा गज आला. पण प्रतिष्ठा गुछिनला. सात तारांचं, शांतपणे बसून वाजवायचं, विद्वानांचं वाद्य. अमेरिकेनं १९७७ साली व्हॉयेजर यानातून सोनेरी तबकडी अंतराळात पाठवली तिच्यातही गुछिनच आहे. एरहू नाटकवाल्यांचा, लग्नामयतीतल्या वाजंत्र्यांचा, रस्त्यावर मागून खाणाऱ्यांचा. आपल्याकडं किनवटच्या बाजूला परधान किकरी वाजवतात, तीही गजाचीच. तिला कुठल्या महाविद्यालयात कुणी बसवलंय? तशीच गोष्ट.

बसवणारा एक भेटला, ल्यू त्येनह्वा. १८९५ चा जन्म. स्वतः व्हायोलिन शिकला, पेकिंग विद्यापीठात शिकवू लागला आणि ह्या रस्त्यावरच्या वाद्यासाठी १० स्वतंत्र रचना आणि ४७ अभ्यासपाठ लिहिले. व्हायोलिनची बोटं एरहूवर आणली, पण एरहूची ओढ घालवली नाही. १९३२ साली पेकिंगच्या एका बाजारात लोकवादकांचं ढोल-झांजांचं संगीत लिहून घेत फिरताना आजार लागला आणि ३७ व्या वर्षी गेला. माझ्या पुस्तिकेतले सुरुवातीचे धडे कुणाचे, ते मुलीनं शोधून कळवलं तेव्हा त्यातले दोन त्याचे निघाले. त्या दोनांवर मी दोन महिने घासतोय.

दुसरा आबिंग. वूशी गावचा, ताओ मंदिरातल्या पुजाऱ्याचा मुलगा, तरुणपणी डोळे गेले, रस्त्यावर वाजवून पोट भरायचा. १९५० च्या उन्हाळ्यात यांग यिनल्यू आणि त्साओ आनह हे दोन अभ्यासक तारेवर ध्वनिमुद्रण करणारं यंत्र घेऊन त्याच्याकडं गेले. तेव्हा त्याच्याकडं स्वतःचं धड वाद्यही नव्हतं, उसनं आणून वाजवलं. तीन रचना एरहूवर, तीन पिपा नावाच्या तारवाद्यावर. सहाच. त्याच डिसेंबरात तो वारला. त्यातली झऱ्यात पडलेल्या चंद्रबिंबाची धून आज चीनमध्ये ज्याला त्याला माहीत आहे, आणि मी त्या रात्री मोबाइलवर ऐकली ती हीच. तो रेशमाच्या तारांवर वाजवायचा. स्टीलच्या तारा नंतर, १९५० च्या दशकात आल्या. म्हणून जुन्या मुद्रणातला आवाज जाडसर, घशातला आहे आणि माझ्या एरहूचा चकचकीत. रेशमी तारा मिळतात का बघतोय. ह्या हवेत टिकतील असं वाटत नाही, पण एकदा ऐकायच्यात.

एक गोष्ट अजून, मग मालाचा हिशोब. पिपा ही वीणेसारखी चार तारांची, मध्य आशियातून तिकडं गेलेली. इसवी सन ५६८ मध्ये तुर्की राजकन्येच्या वरातीबरोबर कुचा गावचा एक पिपावादक चीनच्या दरबारात आला. सुजीव असं त्याचं नाव सांगतात. वडिलांकडून शिकलेल्या सात चालींची नावं त्यानं तिथल्या पंडितांना सांगितली आणि त्यांनी ती चिनी अक्षरांत जमेल तशी लिहून घेतली. त्यातलं एक "बानझान", म्हणजे पंचम. एक "जीशी", म्हणजे कैशिक. एक "स्वोथ्वोली", म्हणजे साधारित. पंचम, कैशिक, साधारित ही नावं शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकरात ग्रामरागांच्या यादीत आहेत, आणि तो ग्रंथ लिहिला गेला यादवांच्या देवगिरीत, तेराव्या शतकात. म्हणजे आपल्या मराठवाड्यात. मी लहानपणापासून दौलताबादला सहलीला जातोय, किल्ला, मनोरा, अंधारी वाट, सगळं दाखवतात. शार्ङ्गदेवाचं नाव एकाही गाइडनं काढलेलं आठवत नाही. ही तक्रार एरहूच्या खात्यावर धरू नका, पण लिहायची राहून जायला नको.

तर हिशोब. लाकूडकाम ठीक, दांडी सरळ, जोड पक्के, आठ महिन्यांत कुठं फाटलं-सुटलं नाही. गज हलका आहे, केस दरमहा पाच-सहा तरी गळतात, दुसरा घ्यावा लागेल. खुंट्या साध्या लाकडी, त्या बदलून पितळी दातऱ्यांच्या असलेला नमुना हजारभर जास्त देऊन मिळतो. आमच्या भागातल्यानं तोच घ्यावा. राळ इथलीच, सारंगीवाले वापरतात ती चालते. सूर लावताना मोबाइलचं ट्यूनर वापरा, लाजू नका. गुरू मिळणार नाही, ही मोठी अडचण आहे. जवळपास कुणी व्हायोलिन किंवा दिलरुबा वाजवणारं असेल तर गजाच्या हातापुरतं त्यांना विचारा, बोटांचं तुमचं तुम्हालाच. पंधरा दिवसांत वाजवीन म्हणणाऱ्यानं कीबोर्ड घ्यावा. शेजारी रात्रपाळीचा माणूस राहत असेल तर थोडं थांबावं.

पाचपैकी साडेतीन तारे. एक खुंट्यांचा गेला, अर्धा त्या न आलेल्या घोडीचा.

बुवा मागच्या आठवड्यात पेटी न्यायला आले. पेटी वाजवून बघितली, पैसे दिले, पिशवीत घातली आणि उंबऱ्याशी थांबून म्हणाले, "मास्तर, ते हजार शेरवालं एकदा धरू का?" गज तारांच्या मधून ओवलेला असतो हे सांगायच्या आत त्यांनी तो ओढला होता.